एका घराचा भाव आणि वस्तीचा भाव

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला आपल्या घराच्या किमतीविषयी बहुधा दोनच आकडे मुखोद्गत असतात: आपण ते केवढ्याला घेतले हा एक, आणि शेजारच्या इमारतीतले घर परवा केवढ्याला गेले हा दुसरा. या दोहोंच्या वजाबाकीवरून तो आपल्या दूरदृष्टीचे मोजमाप करतो, मुलीच्या शिक्षणाचे आणि स्वतःच्या उतारवयाचे बेत आखतो, आणि ज्या धाकट्या भावाने वेळीच घर न घेता भाड्यात दिवस काढले त्याला अधूनमधून चार शब्द सुनावतो. वस्तुतः एकट्या घराच्या खरेदी-विक्रीचा इतिहास, तो कितीही काटेकोरपणे जुळवला, तरी भोवतालच्या वस्तीच्या भावाशी ताडून पाहिल्यावाचून फारसे काही सांगत नाही. आणि वस्तीचा भाव म्हणून जो आकडा दलालाच्या तोंडी, वर्तमानपत्रात अथवा सरकारी तक्त्यात आढळतो, तो कोणत्या घरांवरून आणि कोणत्या रीतीने काढला हे ठाऊक नसेल, तर त्याच्याशी केलेली तुलनाही फसवीच ठरते.

घराच्या किमतीत दोन भिन्न प्रकृतीच्या वस्तू एकत्र नांदत असतात. विटा, सिमेंट, लोखंड, फरशी आणि नळ यांचे मिळून जे बांधकाम होते त्याची झीज पहिल्या पावसाळ्यापासूनच सुरू होते. सळया गंजतात, छज्ज्यांचा गिलावा सुटतो, गच्ची गळू लागते, आणि संस्थेच्या वार्षिक सभेत दुरुस्ती-निधीवरून दरवर्षी वाद होतात. सरकारी मूल्यांकनाची पद्धतही हे मान्य करते, कारण जुन्या इमारतीतील सदनिकेचे मूल्य ठरवताना इमारतीच्या वयोमानाप्रमाणे घसारा वजा केला जातो. याउलट इमारतीखालच्या जमिनीचे, अधिक यथार्थपणे बोलायचे तर त्या जमिनीच्या स्थानाचे, मोल मालकाने काडी न हलवताही वाढू शकते. 1928 साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली, 1950 मध्ये आणि पुन्हा 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकत अखेर दहिसर आणि मुलुंडपर्यंत जाऊन पोहोचली, आणि साष्टीतल्या भातखाचरांना जो भाव आला त्यात खाचरांच्या मालकांचे कर्तृत्व काहीही नव्हते. ‘घराची किंमत वाढली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा घर उतरलेले असते आणि जमीन चढलेली असते. चढाने उतार झाकला गेल्यामुळे एवढेच दिसते की आकडा मोठा झाला. म्हणूनच आधी वस्ती किती चढली हे पाहावे, आणि मग त्या मानाने आपले घर पुढे आहे की मागे, हे विचारावे.

हे पाहण्याचे साधन आपल्याकडे आहे, आणि ते सर्वांना खुले आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदवणे 1908 च्या नोंदणी कायद्याने आवश्यक केले, आणि त्याच कायद्याच्या 57 व्या कलमाने अशा नोंदींची सूची विहित शुल्क भरणाऱ्या कोणाही व्यक्तीस पाहण्याची मुभा दिली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळणारी, आणि आता घरबसल्या संगणकावरही शोधता येणारी, ‘सूची क्रमांक 2’ ही त्या नोंदींतील सर्वांत उपयुक्त चीज होय. दलाल मंडळी तिला नुसते ‘इंडेक्स टू’ म्हणतात. या पानावर चौदा रकाने असतात. पहिल्यात विलेखाचा प्रकार, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, चौथ्यात भूमापन क्रमांक व घरक्रमांक, पाचव्यात क्षेत्रफळ; पुढे दस्तऐवज करून देणाऱ्याचे आणि करून घेणाऱ्याचे नाव, दस्त केल्याचा व नोंदल्याचा दिनांक, अनुक्रमांक, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि अखेरीस शेरा. सहावा रकाना ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’ असा आहे. इनाम जमिनींवरील हलक्या साऱ्याची ही आठवण आजही सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेच्या कागदावर छापून येते, आणि तिच्यापुढे लिहिण्याजोगे बहुधा काहीच नसते.

या पानाचे वाचन पहिल्या रकान्यापासूनच सावधपणे करावे लागते. विलेखाचा प्रकार ‘बक्षीसपत्र’ किंवा ‘हक्कसोडपत्र’ असेल, तर बापाने मुलाला दिलेल्या किंवा बहिणीने भावासाठी सोडलेल्या त्या हक्काला बाजारातील किंमत म्हणता येत नाही; अशी नोंद तुलनेतून सरळ वगळावी. नात्यातल्या नात्यात झालेल्या विक्रीलाही हाच न्याय लावणे इष्ट. त्यानंतर येतात मोबदला आणि बाजारभाव हे शेजारशेजारचे दोन रकाने, ज्यांची गल्लत भले भले करतात. मोबदला म्हणजे पक्षकारांनी आपसांत ठरवलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे बाजारात प्रत्यक्ष चाललेला भाव नव्हे, तर शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दरतक्त्यावरून, म्हणजे ज्याला आपण ‘रेडी रेकनर’ म्हणतो त्यावरून, काढलेली रक्कम होय. शहराचे मूल्यविभाग पाडून प्रत्येकाचा दर त्या तक्त्यात दिलेला असतो, आणि मोबदला व बाजारभाव या दोहोंपैकी जी रक्कम अधिक तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. तक्त्यातील दर हा कराच्या वसुलीसाठी ठरवलेला दर असल्यामुळे त्याची चाल बाजाराच्या चालीशी मिळतेच असे नाही. मूल्यविभागाची सीमा एखाद्या रस्त्याच्या मधोमध गेली, तर समोरासमोरच्या दोन इमारतींना शासन निरनिराळे दर लावते, मग त्यांतील रहिवाशांना एकच रेल्वे स्थानक आणि एकच भाजीबाजार का असेना.

मोबदल्याचा आकडा तरी खरा मानावा काय? येथे एक नाजूक गोष्ट उघडपणे बोललेली बरी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील घरांच्या किमतीचा बराच हिस्सा रोखीने, पावतीवाचून आणि नोंदीवाचून हातोहात जात असे. दस्तात लिहिलेली रक्कम ही ‘पांढऱ्या’ भागाची असे आणि ‘काळ्या’ भागाचा हिशेब पक्षकारांच्या स्मरणात राही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 2003 पासून लागू झालेल्या 50-सी या कलमाने अशी तरतूद केली की, विक्रीची रक्कम मुद्रांकासाठी धरलेल्या मूल्यापेक्षा कमी दाखवली तर विक्रेत्याच्या भांडवली नफ्याची मोजणी त्या वरच्या मूल्यावरून व्हावी. काही टक्क्यांची सूट पुढे मिळाली, पण कमी आकडा लिहिण्याचा मोह त्यामुळे पुष्कळसा आवरला गेला. गृहकर्ज घेणाऱ्यांची संख्या वाढली, तसे बँकेला खरी किंमत दाखवणे खरेदीदाराच्याही सोयीचे झाले. या सुधारणेचा एक चमत्कारिक परिणाम किमतींच्या इतिहासावर झाला आहे. 1995 चा आकडा अपुरा आणि 2015 चा आकडा जवळपास पुरा असेल, तर दोहोंमधील वाढ प्रत्यक्षाहून फुगलेली दिसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दस्तावरून आपले घर पंधरा पटींनी वाढले असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर त्यातील काही पटी दस्त लिहिणाऱ्याच्या लेखणीच्या असण्याचा संभव सोडून देऊ नये.

क्षेत्रफळाच्या रकान्यातही अशीच मेख असते. भिंतींच्या आतील चटईक्षेत्र, भिंती धरून होणारे बांधीव क्षेत्र, आणि जिना, लिफ्ट व प्रवेशदालन यांचा वाटा मिळवून विकासकाने सांगितलेले ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्र, या तीन मोजण्या मुंबईच्या बाजारात वर्षानुवर्षे सरमिसळ वापरल्या गेल्या. जुन्या करारात सहाशे पन्नास चौरस फूट लिहिलेले घर नव्या करारात पाचशेचे होते, तेव्हा भिंती आत सरकलेल्या नसतात. मोजणीची भाषा बदललेली असते. स्थावर संपदा अधिनियमाची अंमलबजावणी महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे सुरू झाली आणि नव्या प्रकल्पांत चटईक्षेत्रावरच विक्री करण्याचा दंडक आला. तेव्हा प्रति चौरस फूट दर काढण्यापूर्वी दोन्ही दस्तांतील क्षेत्र एकाच मोजणीत आणून घेणे अगत्याचे आहे. नाहीतर भाजक बदलल्यामुळे वाढलेला भागाकार बाजाराच्या तेजीच्या नावावर खपतो.

दिनांकांविषयी थोडक्यात. दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदवण्याची कायद्याने सवलत आहे, म्हणून भाव कोणत्या महिन्याचा हे दस्ताच्या दिनांकावरून ठरवावे, नोंदणीच्या नव्हे. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात मुंबईतील मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणि त्यानंतर मार्च 2021 अखेरपर्यंत तीन टक्क्यांवर आले, तेव्हा कचेऱ्यांत जी झुंबड उडाली ती शुल्क वाचवणाऱ्यांची होती. त्या महिन्यांतील नोंदींच्या संख्येवरून मागणीचा अदमास बांधणे चुकीचे ठरले असते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिकेचा करारही नोंदला जातो तो आरक्षणाच्या वेळच्या भावाने. ताबा मिळतो तोवर आणखी तीन-चार वर्षे लोटतात.

इतकी निवड केल्यावर हाती आलेल्या नोंदींची सरासरी काढावी आणि तिला वस्तीचा भाव म्हणावे, असे कोणालाही वाटेल. येथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. हिशेबासाठी एक कल्पित गल्ली घेऊ. पहिल्या वर्षी तेथे जुन्या इमारतींतील दहा सदनिका 12,000 रुपये प्रति चौरस फूट या दराने विकल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी जुन्यांपैकी चार 12,500 च्या दराने गेल्या, आणि कोपऱ्यावरच्या नव्या मनोऱ्यातील सहा 22,000 च्या दराने. पहिल्या वर्षाची सरासरी 12,000 आणि दुसऱ्या वर्षाची 18,200. म्हणजे गल्ली एका वर्षात जवळजवळ बावन्न टक्क्यांनी महागली अशी बातमी होते, आणि जुन्या इमारतीतील प्रत्येक गृहस्थ मनातल्या मनात आपल्या घराची किंमत निम्म्याने वाढवून ठेवतो. वास्तविक त्याचे घर चार टक्क्यांच्या आसपास वाढलेले असते. वर्गातली ठेंगणी मुले गैरहजर राहिली म्हणून वर्गाची सरासरी उंची वाढावी, तसलाच हा प्रकार. वाढले कोणीच नाही, मोजले गेले ते निराळे.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक सुंदर उपाय 1963 साली बेली, मुथ आणि नर्स या तीन अमेरिकन अभ्यासकांनी मांडला. निरनिराळ्या घरांच्या किमतींची तुलना करू नये, तर एकच घर जेव्हा दोनदा विकले जाते तेव्हा त्या दोन विक्रींची आपसांत तुलना करावी, हे त्याचे सार. एक घर 2004 आणि 2012 मध्ये विकले गेले, दुसरे 2008 आणि 2020 मध्ये, तिसरे 2012 आणि 2016 मध्ये. अशा पुष्कळ जोड्या एकत्र केल्या की गणिताच्या साहाय्याने प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र चढ-उतार वेगळा काढता येतो, आणि घराचा आकार, मजला, दिशा या गोष्टी दोन्ही वेळा सारख्याच असल्यामुळे हिशेबातून आपोआप गळून पडतात. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी 1987 मध्ये अटलांटा, शिकागो, डलास आणि सॅन फ्रान्सिस्को या चार शहरांसाठी या पद्धतीने निर्देशांक रचले, आणि त्यांत एक शहाणपणाची भर घातली: दोन विक्रींमधील काळ जितका दीर्घ, तितके त्या जोडीचे वजन कमी धरावे, कारण तेवढ्या अवधीत घरात किंवा परिसरात काय काय घडले असेल याचा नेम नसतो. त्यांच्या नावाने आजही अमेरिकेत हा निर्देशांक दर महिन्याला प्रसिद्ध होतो. शिलर यांना 2013 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच पद्धतीने पीट आयकहोल्ट्झ या डच अभ्यासकाने ॲम्स्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचा 1628 पासून 1973 पर्यंतचा निर्देशांक तयार केला. सुमारे साडेतीन शतकांचा हा लेखाजोखा घरमालकांनी जरूर वाचावा. महागाई वजा केल्यावर त्या श्रीमंत, सुस्थित, जगभर नावाजलेल्या वस्तीतील किमती एवढ्या प्रदीर्घ काळात फक्त दुपटीच्या आसपास गेल्या; मध्ये कित्येक दशके त्या घसरतही होत्या. ‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही’ हे आपल्याकडील ठाम मत ज्यांनी 1995 च्या तेजीत मुंबईत घर घेतले आणि पुढची सात-आठ वर्षे मंदी पाहिली, त्यांनाही पटण्यासारखे नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ 2007 मध्ये सुरू झाला आणि रिझर्व्ह बँकही नोंदणी कचेऱ्यांच्या माहितीवरून गृहमूल्य निर्देशांक प्रसिद्ध करते. दोन्ही उपयुक्त, पण दोन्ही शहराच्या पातळीवरचे. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतच्या शहराचा एक आकडा मुलुंडच्या एखाद्या गल्लीला लावणे म्हणजे जिल्ह्याच्या पर्जन्यमानावरून आपल्या विहिरीचे पाणी ठरवणे होय. वस्तीचा हिशेब वस्तीतच, जोड्या जुळवून, करावा लागतो; आणि त्याला संगणकाची गरज नाही, चिकाटीची आहे.

आता एक कल्पित घर घेऊन हा हिशेब करू. 2001-02 मध्ये 15 लाखांना घेतलेली सदनिका 2024-25 मध्ये 1 कोटी 20 लाखांना विकली गेली. आठ पट, असे मालक म्हणतो आणि ते खरेच आहे. पण तेवीस वर्षांत आठ पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे साडेनऊ टक्के. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक याच काळात 100 वरून 363 झाला. त्या मानाने 15 लाखांचे साडेचोपन्न लाख होतात, आणि खरी वाढ आठ पटींची न राहता सव्वादोन पटींच्या जवळ येते. शिवाय हा निर्देशांक शहरी ग्राहक किमतींच्या वाढीच्या पाऊण हिश्शावरून ठरतो, म्हणजे खरी महागाई त्याहून अधिक. सबब खरी वाढ आणखी थोडी कमीच. मुद्रांक, दलाली, दुरुस्ती आणि मालमत्ता कर ही वजाबाकी वेगळी, आणि वाचलेल्या भाड्याची बेरीजही वेगळी. मात्र मुख्य प्रश्न अजून बाकी आहे. त्याच गल्लीतील तशाच इमारतींच्या जोड्या या काळात नऊ पटींची वाढ दाखवीत असतील, तर हे घर वस्तीच्या चालीने 1 कोटी 35 लाखांना जायला हवे होते. तूट 15 लाखांची, म्हणजे मूळ खरेदीएवढी. वार्षिक हिशेबात हा फरक अवघ्या अर्ध्या टक्क्याचा आहे, म्हणूनच तो मालकाच्या नजरेस कधी पडत नाही.

अशी तूट का पडते, हे शोधू लागले की उपनगराचे अंतरंग उघड होते. कधी कारण साधे असते: लिफ्ट नाही, पाणी दिवसातून अर्धा तास. पण आजच्या मुंबईत निर्णायक कारण बहुधा कागदावर असते. इमारतीला महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आहे काय? जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, की मिळकत पत्रिकेवर मूळ जमीनमालक किंवा विकासकच अद्याप विराजमान आहे? विकासकाने हे काम टाळल्यास संस्थेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्याने दिला आहे, तरीही जागेची मालकी नावावर नसलेल्या संस्था उपनगरांत आजही पुष्कळ आढळतात. या दोन कागदांना पूर्वी कोणी फारसे विचारत नसे. पुनर्विकासाचे दिवस आल्यापासून त्यांचेच मोल सर्वाधिक झाले, कारण खरेदीदार आता जुन्या चार भिंतींबरोबर त्या भूखंडावर पुढे उभ्या राहू शकणाऱ्या इमारतीतील वाटाही विकत घेतो.

तो वाटा किती, हे चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते या प्रमाणावर, अवलंबून. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपनगरांना मूळ निर्देशांक 1 ठेवला आणि हस्तांतरणीय विकास हक्क उपनगरांत, तेही उत्तरेच्या दिशेने, नेऊन वापरण्याची सोय केली. दक्षिणेतील आरक्षित जमिनींचे बांधकाम-हक्क अंधेरी-बोरिवलीच्या गच्च्यांवर मजले होऊन उभे राहिले ते यामुळे. पुढे 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी केलेल्या नियमावलीने रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अनुज्ञेय क्षेत्राची मर्यादा बदलत जाईल असे ठरवले. परिणामी अरुंद गल्लीतील आणि रुंद रस्त्यावरील, एकाच वर्षी एकाच विकासकाने बांधलेल्या दोन इमारतींचे भवितव्य भिन्न झाले. विलेपार्ले, सांताक्रूझ आणि कुर्ल्याच्या काही भागांत तर आणखी एक अदृश्य छत आहे: विमानतळाच्या धावपट्टीलगतच्या पट्ट्यात इमारतींच्या उंचीवर बंधन असल्यामुळे निर्देशांक हाती असूनही मजले चढवता येत नाहीत, आणि पुनर्विकासाचे गणित विकासकाला परवडत नाही. उत्तम शाळा, जुनी नाटकवेडी वस्ती, स्थानक पाच मिनिटांवर. असे असूनही त्या पट्ट्यातील जुनी इमारत पलीकडच्या गल्लीच्या मानाने मागे पडते, आणि त्यात त्या इमारतीचा दोष तिळमात्र नसतो.

घर घेणाऱ्याने यातून व्यवहारात उतरवावे असे थोडेच आहे. इसाराची रक्कम देण्यापूर्वी त्याच इमारतीतील आणि तशाच दोन-तीन शेजारच्या इमारतींतील गेल्या दहा वर्षांच्या सूची क्रमांक 2 च्या नोंदी काढाव्या. बक्षीसपत्रे आणि नात्यातले व्यवहार वगळावे. क्षेत्र एका मोजणीत आणावे. दोनदा विकली गेलेली घरे शोधून त्यांची वार्षिक वाढ काढावी. आणि मग विक्रेत्याने सांगितलेला भाव वस्तीच्या चालीहून वर असेल तर कशासाठी, खाली असेल तर कोणत्या कागदापायी, हे त्याला समोर बसवून विचारावे. दलाल यावर थोडा नाराज होईल, होऊ द्यावा. नोंदी पाहण्याचे शुल्क किरकोळ आहे, आणि तो अधिकार 1908 पासून प्रत्येकाला आहे.